मंदगती शनीचा ताळेबंद

२०२५ च्या मार्च महिन्याचा अखेरचा आठवडा शनीच्या दृष्टीने लक्षणीय ठरला. २३ मार्च रोजी पृथ्वी शनीच्या वलयांच्या प्रतलातून पार झाली आणि ज्या वलयांमुळे हा ग्रह साऱ्या सूर्यमालेत शोभून दिसतो, ती वलये पृथ्वीवरून पाहता जणू नाहीशी झाली. त्यानंतर सहाच दिवसांनी, २९ मार्च रोजी, पंचांगाप्रमाणे शनीने कुंभ राशी सोडून मीन राशीत प्रवेश केला. वार शनिवार, तिथी अमावास्या. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा आणि तिसऱ्या दिवशी आर्थिक वर्षाची अखेर. पहिल्या घटनेची दखल मूठभर खगोलप्रेमींनी घेतली. शनी त्या वेळी सूर्याच्या निकट असल्याने त्यांनाही ती नीट पाहता आली नाही. दुसऱ्या घटनेची दखल मात्र घराघरांतून घेतली गेली.

बाजारपेठेतील कोणत्याही पेढीवर घडावा असा एक प्रसंग त्या आठवड्यात घडला असे समजावे. कापडाची घाऊक पेढी, तीन पिढ्यांची. धाकट्या मुलाने शहराच्या नव्या भागात एक गाळा हेरून ठेवलेला. गाळ्याच्या मालकाशी बोलणे झालेले, डिपॉझिटची रक्कम ठरलेली. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून त्या दिवशी करारावर सही करायची, एवढेच उरलेले. मुलाची रास मेष. शनी मीनेत आला म्हणजे मेषेला साडेसाती लागली. वडिलांनी वहीवरून नजर न उचलता म्हटले, "बाळ, साडेसाती सुरू होते आहे. एवढे दिवस जाऊ देत."

"किती दिवस, बाबा?" मुलाने विचारले.

वडील काही बोलले नाहीत. साडेतीन मुहूर्त आणि साडेसाती यांच्यामध्ये सही अडकून राहिली.

ज्याच्या नुसत्या राशिबदलाने पेढीवरचा व्यवहार थांबतो, तो शनी आहे तरी कोण? त्याच्याभोवती बर्फाची वलये आहेत, तशीच मानवाने हजारो वर्षांत रचलेल्या कथांचीही वलये आहेत. दोन्हींची ओळख करून घेतल्यावाचून त्याच्याविषयी मत बनवणे योग्य होणार नाही.

नावातच गती

संस्कृतात या ग्रहाचे नाव शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा. मंद हेही त्याचेच नाव. बाबिलोनच्या निरीक्षकांनी त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ स्थिर, अढळ असा होतो. प्राचीन चिनी ज्योतिर्विदांनी अठ्ठावीस नक्षत्रांपैकी दरवर्षी एकात मुक्काम करणारा तारा म्हणून त्याची नोंद ठेवली. एकमेकांपासून इतक्या दूर राहणाऱ्या लोकांना या ग्रहाचे एकच वैशिष्ट्य प्रथम जाणवले, ते म्हणजे त्याची संथ चाल. नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ग्रहांत तो सर्वांत दूरचा, म्हणून सर्वांत सावकाश फिरणारा. सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात.

हा काळ भारतीय गणितज्ञांनी किती अचूक मोजला होता, हे पाहण्यासारखे आहे. इ.स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयात एका महायुगाच्या ४३,२०,००० वर्षांत शनीचे १,४६,५६४ फेरे होतात असे सांगितले आहे. भागाकार केला तर एका फेऱ्यास २९.४८ वर्षे येतात. आधुनिक मापन २९.४६ वर्षांचे आहे. साडेएकोणतीस वर्षांच्या खात्यात फरक पडतो तो जेमतेम आठवडाभराचा. दुर्बीण नसताना, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी जपून काढलेला हा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षकाने मान तुकवावी असा आहे.

आठवड्यातील वारांचा क्रमही याच मंदगतीच्या यादीतून निघाला. सर्वांत सावकाश ग्रहापासून आरंभ केला तर शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा क्रम लागतो. दिवसाचे चोवीस होरे या क्रमाने सातांना वाटून द्यावेत आणि पहिल्या होऱ्याच्या स्वामीचे नाव त्या दिवसाला द्यावे, अशी ही रीत. शनिवारी पहिला होरा शनीचा. सातांची फेरी तीनदा होऊन एकवीस होरे संपतात. उरलेले तीन शनी, गुरू आणि मंगळ यांना जातात. पंचविसावा होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीला मिळतो. म्हणून शनिवारनंतर रविवार. याच रीतीने पुढे मोजत गेले की सोमवार, मंगळवार असे सर्व वार क्रमाने मिळतात. रोमन जगातही वारांची नावे याच ग्रहांवरून पडली. होरा हा शब्द ग्रीकांकडून आला, आणि शनीला संस्कृत ज्योतिषग्रंथांत जे कोण असे नाव आढळते, ते क्रोनस या ग्रीक नावावरून आले असे अभ्यासक मानतात. मसाले आणि वस्त्रे यांच्यासमवेत शब्दांचा आणि गणिताचाही व्यापार त्या काळी दोन्ही दिशांनी चालत असे.

छायापुत्राच्या कथा

पुराणांत शनी हा सूर्याचा पुत्र. सूर्याचे तेज सहन न झाल्याने त्याची पत्नी संज्ञा आपली छाया मागे ठेवून निघून गेली. त्या छायेपोटी शनीचा जन्म झाला. यम आणि यमुना ही त्याची सावत्र भावंडे. प्रखर पित्याचा हा काळवंडलेला पुत्र. पिता-पुत्रांचे कधी पटले नाही असे कथा सांगतात. त्याची चाल मंद, म्हणून कथाकारांनी त्याला पंगू ठरवले. त्याची दृष्टी पडेल तेथे अनिष्ट घडते, अशी समजूत रूढ झाली; ब्रह्मवैवर्त पुराणात बालगणेशाचे मस्तक शनीच्या दृष्टीमुळेच गळून पडल्याची कथा आहे. त्या कथेतील एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. शनी बालकाकडे पाहण्यास तयार नव्हता. तो खाली मान घालून उभा होता. पार्वतीच्या आग्रहास्तव त्याने नजर उचलली.

पद्मपुराणातील दशरथाची कथा याहून निराळी. शनी रोहिणी नक्षत्राचा भेद करणार आणि बारा वर्षे दुष्काळ पडणार, असे ज्योतिषांनी सांगताच राजा दशरथ रथात बसून थेट नक्षत्रमंडळात गेला आणि त्याने धनुष्याला अस्त्र लावले. सर्व ज्याला भितात त्याच्यासमोर उभे राहण्याचे हे धैर्य पाहून शनी प्रसन्न झाला आणि वर माग म्हणाला. राजाने प्रजेसाठी दुष्काळातून अभय मागितले.

महाराष्ट्रात सर्वाधिक वाचली गेली ती शनिमाहात्म्यातील विक्रमराजाची कथा. उज्जयिनीच्या राजाने भरसभेत शनीची थट्टा केली, साडेसाती लागली, घोड्याने त्याला अरण्यात नेऊन टाकले आणि राजा परमुलखात भटकू लागला. तेथे तो एका व्यापाऱ्याच्या दुकानाशी येऊन बसला. त्या दिवशी दुकानात विक्री उदंड झाली. व्यापाऱ्याने पाहुण्याला शुभशकुनी मानून घरी नेले, जेवू घातले. घरातील भिंतीवर चितारलेल्या हंसाने खुंटीवरचा हार गिळला आणि आळ पाहुण्यावर आला. व्यापाऱ्याने त्याला राजापुढे उभे केले. राजाज्ञेने त्याचे हातपाय तोडण्यात आले. पुढे साडेसाती सरली, राजा पूर्ववत् झाला आणि त्याच हंसाने तो हार परत दिला.

ही कथा बहुधा विक्रमाच्या दुःखासाठी वाचली जाते. व्यापारी घराण्यांनी ती त्या दुकानदाराच्या बाजूनेही वाचून पाहावी. सकाळी विक्री वाढली म्हणून पाहुणा भाग्याचा आणि रात्री हार दिसेना म्हणून पाहुणा चोर. दोन्ही निष्कर्ष एकाच दिवसातले, आणि दोन्ही वेळा चौकशी शून्य. साडेसाती विक्रमाला होती, परंतु निष्पाप माणसाला शिक्षा झाली ती व्यापाऱ्याच्या उतावळेपणामुळेही. दुकानातील नोकरावर, मुनिमावर किंवा नव्या भागीदारावर संशय घेताना भिंतीवरचा हंस आठवावा.

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर येथे शनी शिळारूपात, उघड्या आकाशाखाली उभा आहे. त्याच्यावर छप्पर नाही. त्या गावातील घरांना परंपरेने दारे आणि कुलपे नाहीत. चोरी करणाऱ्याला शनी सोडणार नाही, ही श्रद्धाच तेथे कुलपाचे काम करते. २०११ मध्ये युको बँकेने तेथे शाखा उघडली तेव्हा कुलपावाचूनची बँक म्हणून वृत्तपत्रांनी तिची मोठी दखल घेतली. ज्याच्या नावाने इतरत्र दारे घट्ट लावली जातात, त्याच्याच गावी दारे लावत नाहीत.

रोमच्या खजिन्याचा राखणदार

पाश्चात्त्य परंपरेत या ग्रहाचे नाव सॅटर्न. ग्रीकांचा क्रोनस आणि रोमनांचा सॅटर्न पुढे एकच मानले गेले. क्रोनसची कथा भयंकर आहे. आपलाच पुत्र आपले राज्य घेईल या भीतीने तो जन्मलेले प्रत्येक मूल गिळून टाकी. शेवटी त्याची पत्नी ऱ्हिया हिने मुलाऐवजी वस्त्रात गुंडाळलेला दगड त्याला दिला. वाचलेला पुत्र झ्यूस मोठा झाला आणि त्याने पित्याला पदच्युत केले. गादी सोडण्याच्या भयाने पुढच्या पिढीला गिळणाऱ्या पित्याची ही कथा; तिचे मर्म समजण्यास ग्रीक असण्याची गरज नाही.

रोमनांनी मात्र याच देवाला पेरणीचा आणि सुवर्णयुगाचा अधिपती केले. डिसेंबरच्या १७ तारखेपासून त्याचा उत्सव चाले. त्या दिवसांत कामकाज बंद राही, धनी आणि गुलाम एका पंक्तीला बसत, प्रसंगी धनी वाढपी होत. त्याच्या मूर्तीच्या पायांना वर्षभर लोकरीचे बंध बांधलेले असत. ते उत्सवात सोडीत. आपल्याकडे पंगू शनी, तिकडे पाय बांधलेला सॅटर्न.

रोमच्या मुख्य चौकात, कॅपिटोलाइन टेकडीच्या पायथ्याशी त्याचे मंदिर होते. त्याचे आठ स्तंभ आजही उभे आहेत. व्यापारी वाचकांना रस वाटावा अशी गोष्ट पुढे आहे. रोमन प्रजासत्ताकाचा सरकारी खजिना याच मंदिरात ठेवलेला असे. सोने-रुपे, राज्याचे दस्तऐवज आणि हिशेबाच्या नोंदी यांचा राखणदार सॅटर्न. इ.स.पूर्व ४९ मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी ज्युलियस सीझर रोममध्ये आला, तेव्हा एका लोकाधिकाऱ्याचा विरोध मोडून त्याने हाच खजिना उघडला. आपल्याकडे ज्याच्या दृष्टीने धन जाईल म्हणून भय, त्याच ग्रहाच्या देवाकडे रोमने आपली तिजोरी सोपवली होती.

दुर्बिणीतून दिसलेला शनी

१६१० च्या जुलै महिन्यात गॅलिलिओने आपली लहानशी दुर्बीण शनीकडे वळवली. त्याला एका मोठ्या गोलाच्या दोन्ही बाजूंस दोन लहान गोल चिकटल्यासारखे दिसले. १६१२ मध्ये पाहतो तो ते दोन्ही सोबती नाहीसे झालेले. शनीने आपलीच मुले गिळली की काय, असा प्रश्न त्याने एका पत्रात केला. क्रोनसची कथा विज्ञानाच्या उंबरठ्यावर अशी आली. वास्तविक २०२५ प्रमाणेच तेव्हाही वलयांची कडा पृथ्वीकडे होती आणि काही काळाने ते सोबती पुन्हा दिसू लागले.

हे कोडे सुटण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६५५ मध्ये शनीचा टायटन हा उपग्रह शोधला आणि १६५९ च्या ग्रंथात सांगितले की शनीभोवती एक पातळ, सपाट वलय असून ते ग्रहाला कोठेही टेकलेले नाही. १६७५ मध्ये कॅसिनीने त्या वलयातील काळी फट दाखवून दिली. वलय घन आहे की द्रव, या प्रश्नावर जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने केंब्रिजच्या पारितोषिकासाठी निबंध लिहिला. १८५९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. घन वलय टिकणार नाही, द्रवही टिकणार नाही. असंख्य सुट्या कणांनी बनलेले असेल तरच ते टिकेल, असे त्याने केवळ गणिताने सिद्ध केले. १८९५ मध्ये जेम्स कीलरने वलयाची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा अधिक वेगाने फिरते हे मोजून दाखवले. एकसंध चकतीत हे शक्य नसते.

आज जे ज्ञात आहे ते थोडक्यात असे. शनी बहुतांशी हायड्रोजन व हीलियम वायूंचा बनलेला आहे. त्याला उभे राहावे अशी जमीन नाही. त्याचा विषुववृत्तीय व्यास सुमारे १,२०,५०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या साडेनऊपट. वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट. परंतु घनता पाण्याहूनही कमी. सूर्यापासून तो सरासरी १४३ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याच्याकडून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास एक ते दीड तास लागतो. वर्षगणनेत इतका संथ असलेला हा ग्रह स्वतःभोवती मात्र साडेदहा तासांच्या आसपास गिरकी घेतो. मार्च २०२५ पर्यंत त्याचे २७४ उपग्रह नोंदले गेले आहेत. त्यांतील मोठ्यांना क्रोनसच्या भावंडांची नावे द्यावीत, असे जॉन हर्शेल याने १८४७ मध्ये सुचवले. पुढच्या अनेकांना इन्युइट, नॉर्स आणि गॉल लोकांच्या पुराणकथांतील नावे मिळाली. मूल गिळणाऱ्या पित्याच्या अंगणात आता जगभरच्या पुराणांतील मंडळी नांदत आहेत.

वलयांचे द्रव्य मुख्यतः पाण्याचा बर्फ आहे. धुळीच्या कणापासून घराएवढ्या शिळेपर्यंत त्याचे तुकडे. मुख्य वलयांचा विस्तार सुमारे २,७०,००० किलोमीटर, परंतु जाडी बहुतेक ठिकाणी दहा मीटरच्या आसपास. वहीच्या कागदाइतक्या जाडीचे वलय करायचे ठरवले, तर तो कागद पावणेतीन किलोमीटर रुंद घ्यावा लागेल. असा कागद कडेने धरला तर दिसणार नाही, यात नवल नाही. दर तेरा ते सोळा वर्षांनी वलये दिसेनाशी होतात त्याचे कारण एवढेच. २०३८ मध्ये ती पुन्हा तशी होतील.

साडेसातीचे अंकगणित

आता मूळ प्रश्नाकडे यावे. साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे. जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास अशा तीन राशींतून शनी जाईपर्यंतचा काळ म्हणजे साडेसाती. काटेकोर भागाकार केला तर तो सात वर्षे साडेचार महिन्यांच्या आसपास येतो. लोकव्यवहारात त्याची साडेसात वर्षे झाली.

यातून पुढचा हिशेब आपोआप निघतो. बारांपैकी तीन राशींना साडेसाती कायम असतेच. म्हणजे कोणत्याही क्षणी साधारणतः चार माणसांमागे एक माणूस साडेसातीत असतो, आणि ऐंशी वर्षांच्या आयुष्यात प्रत्येकाची सुमारे वीस वर्षे साडेसातीत जातात. वीस वर्षांत ज्याला तोटा, आजारपण किंवा वियोग असे काहीच आले नाही असा माणूस सापडणे कठीण. बारा माणसांचे एकत्र कुटुंब घेतले आणि जन्म राशींमध्ये समप्रमाणात विखुरलेले मानले, तर घरातील एकालाही साडेसाती नाही अशी कुटुंबे हजारात जेमतेम बत्तीस निघतील. घरात कोणालाही साडेसाती नसताना नवे काम काढायचे, असे ज्याने ठरवले त्याच्या पेढीची पाटी आजोबांच्या काळातलीच राहील.

ज्योतिषशास्त्राच्या जाणत्या अभ्यासकांशी न्याय करावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, ते केवळ साडेसातीवरून निर्णय देत नाहीत, संपूर्ण कुंडली पाहतात, आणि कष्टाळू माणसाला शनी देतोही असे म्हणतात. भय पसरते ते अर्धवट ऐकीव माहितीचे, आणि त्या भयावर शांतीचे दरपत्रक लावणाऱ्यांचे.

जैन परंपरेतील शनैश्चर

जैन परंपरेला हा विषय परका नाही. तत्त्वार्थसूत्राच्या चौथ्या अध्यायात सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्रे आणि तारे असे ज्योतिष्क देवांचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांच्या गतीने कालाचे विभाग पडतात असेही तेथे म्हटले आहे. सर्वार्थसिद्धी टीकेत त्यांच्या उंचीचा क्रम दिला आहे. तारे ७९० योजनांवर, सूर्य ८००, चंद्र ८८०, आणि सर्वांत वर ९०० योजनांवर शनैश्चर. त्या गणनेतही शनी सर्वांत दूरचा आहे.

नवग्रहांच्या परंपरेत शनीच्या संदर्भात विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांची उपासना सांगितली जाते. त्यांचा वर्ण श्याम आणि लांछन कासव. मंदगती ग्रहाशी मंदगती प्राण्याची ही सांगड लक्षात राहण्याजोगी आहे. पैठणच्या अतिशय क्षेत्री शनिवारी अमावास्या आली की दर्शनार्थींची रीघ लागते. तथापि तीर्थंकर वीतराग आहेत. ते कोणावर कोपत नाहीत आणि कोणाचे संकट विकत घेत नाहीत. त्यांच्या दर्शनाने चित्त स्थिर व्हावे, परिणाम निर्मळ व्हावेत, हा उपासनेचा हेतू. सुख-दुःख मिळते ते स्वतः बांधलेल्या कर्माच्या उदयाने. बांधलेले कर्म काही काळ अबाधा अवस्थेत राहते आणि मुदत पूर्ण झाली की फळ देते. मुदत ठेवीची पावती ज्याच्या नावाची, रक्कम त्यालाच मिळते. भिंतीवरचे घड्याळ मुदत संपल्याची वेळ फार तर दाखवील, पावती त्याने लिहिलेली नसते.

एका यानाची अखेर

१९९७ मध्ये निघालेले कॅसिनी यान २००४ च्या जुलैमध्ये शनीपाशी पोहोचले. एन्सेलाडस या जेमतेम पाचशे किलोमीटर व्यासाच्या बर्फाळ उपग्रहाच्या दक्षिण ध्रुवातून पाण्याचे फवारे उडत असल्याचे त्याने दाखवले. त्या बर्फाखाली खारट समुद्र आहे. तेथे सूक्ष्म जीव असू शकतील काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला.

तेरा वर्षांनी यानाचे इंधन संपत आले. ते नुसते सोडून दिले असते, तर कधी काळी एन्सेलाडसवर किंवा टायटनवर आदळण्याचा आणि पृथ्वीवरून चिकटून गेलेले जंतू तेथे सांडण्याचा संभव होता. तेथे जीव आहेत असा पुरावा नव्हता. असतील तर त्यांना बाधा होऊ नये, एवढाच विचार. शास्त्रज्ञांनी यानाला शनी आणि त्याची वलये यांमधून बावीस फेऱ्या घ्यावयास लावल्या आणि १५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याला शनीच्या वातावरणात शिरवून भस्म केले. डोळ्यांना न दिसणाऱ्या, कदाचित नसणाऱ्याही जीवांसाठी ही काळजी घेतली गेली. ज्यांच्या घरी पाणी गाळून पितात, त्यांना तिचे मोल वेगळे सांगावयास नको.

पुन्हा पेढीवर

पेढीवरचा तो प्रश्न मात्र पाडव्याला सुटला नाही. ३१ मार्चची वर्षअखेर आटोपल्यावर एका रात्री मुलाने वडिलांपुढे कोरा कागद ठेवला आणि विचारले, "बाबा, साडेसाती बाजूला ठेवली, तर तुमचा नकार कशासाठी आहे?"

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी खतावणी ओढली. बाजारात अडकलेली येणे रक्कम नव्या गाळ्याच्या डिपॉझिटच्या तिप्पट होती. कॅश क्रेडिटची मर्यादा जवळजवळ संपलेली होती. मुलाचा उत्साह मोडू नये, चारचौघांत त्याच्या व्यवहारावर शंका घेतली असे दिसू नये, म्हणून त्यांनी शनीला पुढे केले होते. एकत्र कुटुंबांत असे पुष्कळदा घडते. "नको" म्हणणे जड जाते, "साडेसाती आहे" म्हणणे सोपे जाते. त्या सोयीमुळे खरी अडचण वहीतच झाकलेली राहते, मुलगा ग्रहावर रुसतो, आणि ज्याचे उत्तर दोन महिन्यांत मिळाले असते तो प्रश्न साडेसात वर्षे तसाच पडून राहतो.

थकबाकीची यादी दोघांनी मिळून केली. एप्रिलभर मुलगा वसुलीसाठी गावोगावी हिंडला. यादीतील एक तृतीयांश रक्कम जमा झाली. गाळ्याच्या मालकाने डिपॉझिट दोन हप्त्यांत घेण्याचे मान्य केले. ३० एप्रिल रोजी, अक्षय्य तृतीयेला, करारावर सही झाली. वडिलांनी ती पाहिली आणि खाली साक्षीदार म्हणून आपलीही सही केली. शनी मीन राशीतच होता. मेषेची साडेसाती नुकती कोठे महिन्याची झाली होती.

वर्षातील काही महिने शनी संध्याकाळच्या आकाशात सहज दिसतो; न लुकलुकणारा, फिकट पिवळसर. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी खगोलप्रेमींच्या संस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. तीसपट मोठे दाखवणाऱ्या साध्या दुर्बिणीतूनही वलय ओळखू येते आणि शेजारी टायटनचा ठिपका दिसतो. घरातील मुलांना एकदा तेथे अवश्य न्यावे, आणि शक्य झाल्यास आजोबांनाही.